सकाळी घरघर, रात्री शांत: इंदूरच्या एका घरातल्या ऑडिओची तपासणी

लोकमान्य नगरातल्या एका जुन्या बैठ्या घरावर आता वरचा मजला चढला आहे. खाली बँकेतून निवृत्त झालेले काका आणि काकू राहतात, वर मुलगा आणि सून. काकांकडे शास्त्रीय संगीताच्या रेकॉर्डांचा जपलेला संग्रह आहे आणि तो ऐकण्यासाठी हौसेनं जमवलेला संच: रेकॉर्ड प्लेअर, अँप्लिफायर, दोन स्पीकर आणि नंतर घेतलेला, खालचे सूर वाजवणारा सबवूफर. या सबवूफरमधून सतत एक खालच्या पट्टीतली घरघर यायची. सकाळी भरपूर, दुपारी कमी, रात्री तर कान लावला तरच कळेल इतकी. काकांचं त्यावर ठरलेलं वाक्य होतं, "भैरव लावला की घरघरतो, दरबारी लावला की गप्प. याला सकाळचे राग सोसत नाहीत." घरात सगळे यावर हसायचे. तपास पुढे गेला तेव्हा सर्वांत उपयोगी माहिती याच वाक्यातून मिळाली.

ऑडिओचं काम करणारा म्हणून मला मात्र बोलावलं गेलं ते घरघरीसाठी नाही. घरघर त्याआधीच 'दुरुस्त' झाली होती. दुकानातून आलेल्या मुलानं सबवूफरच्या थ्री-पिन प्लगमधली वरची जाड पिन काढून टाकली आणि आवाज गेला. पुढे दिवाळीच्या सफाईत काकूंनी सबवूफरच्या मागची ऑडिओ केबल उपसली, वीज मात्र चालूच होती, आणि ओलं फडकं घेऊन त्याच्या पत्र्याला हात लावला तर हाताला झिणझिण्या. "अरे, हे गाणं ऐकायचं यंत्र की शेगडी?" असा काकूंचा फोन आला.

झालं ते असं. सबवूफरच्या आत, वीज येते तिथं, खरखर गाळण्यासाठी लहान कपॅसिटर असतात. ते फेज आणि न्यूट्रल दोन्हींकडून पत्र्याला जोडलेले असतात. अर्थ, म्हणजे जाड पिनेतून जमिनीकडे जाणारी जोडणी, तुटला की पत्रा अधांतरी राहतो आणि मेन्सच्या, म्हणजे घरात येणाऱ्या २३० व्होल्ट विजेच्या निम्म्या, म्हणजे सुमारे ११५ व्होल्टांपर्यंत चढतो. करंट अगदी थोडा, म्हणून नुसत्या झिणझिण्या. ऑडिओ केबल लावलेली असेपर्यंत तेही जाणवत नव्हतं, कारण सबवूफरचा सगळा अर्थ त्या बारीक केबलच्या जाळीतून, म्हणजे आतल्या तारेभोवतीच्या धातूच्या विणीतून, अँप्लिफायरकडे आणि तिथून कॉम्प्युटरच्या प्लगकडे जात होता. उद्या आतलं इन्शुलेशन खरोखरच जळालं असतं, तर फॉल्टचा करंट त्याच जाळीतून गेला असता. केबल वितळली असती किंवा पत्रा पूर्ण २३० व्होल्टांवर गेला असता. आपल्या प्लगमधली अर्थची पिन इतर दोहोंपेक्षा जाड आणि लांब करतात ती आधी टेकावी आणि शेवटी सुटावी म्हणून. ती कापून घरघर घालवणाऱ्याला मी दुरुस्ती करणारा मानत नाही.

म्हणून पहिलं काम नवा प्लग बसवण्याचं. घरघर लगेच हजर. काका म्हणाले, "बघ, आला परत." आता खरा शोध सुरू करता येणार होता.

मांडणी अशी. हॉलच्या एका भिंतीशी लाकडी कपाट, त्याच्या वर रेकॉर्ड प्लेअर आणि बरोबर खालच्या कप्प्यात अँप्लिफायर. अँप्लिफायरचा प्लग टू-पिन, म्हणजे त्याला स्वतःचा अर्थ नाही. शेजारच्या टेबलावर कॉम्प्युटर, त्याचा प्लग थ्री-पिन, आणि त्यातून अँप्लिफायरला जाणारी ऑक्स केबल. भिंतीवर टीव्ही, डीटीएचचा बॉक्स आणि त्याचीही केबल अँप्लिफायरला. सबवूफर समोरच्या कोपऱ्यात सोफ्यामागे, आठेक मीटर लांब आरसीए केबलनं, म्हणजे गोल पिनेच्या नेहमीच्या ऑडिओ केबलनं, जोडलेला. तिथला सॉकेट मात्र हॉलच्या जुन्या बोर्डावरचा नव्हता. वरचा मजला बांधताना नवी लाइन ओढली, फाटकाजवळ अर्थिंगचा दुसरा खड्डा केला आणि 'जवळ पडतं' म्हणून त्याच लाइनवरून हा सॉकेट काढला. एका हॉलमध्ये दोन अर्थ झाले आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. इतकी बारीक घरघर शास्त्रीय ऐकणाऱ्यालाच का टोचते, असं मला पुष्कळदा विचारतात. आपली मेन्स ५० हर्ट्झची आणि घरघरीत ५० बरोबर १००, १५० असे तिचे पटही असतात. पांढरी दोनचा, म्हणजे पेटीच्या दुसऱ्या पांढऱ्या पट्टीचा, षड्ज १४७ हर्ट्झच्या जरासा खाली येतो. गायक पांढरी दोनमध्ये गात असेल तर तानपुऱ्याच्या षड्जाशेजारीच १५० हर्ट्झचा एक बेसूर स्वर उभा राहतो आणि दोन्ही मिळून सेकंदाला तीनेक हेलकावे घेतात. ढोलकीच्या गाण्यात हे बुडून जाईल. इंदूर घराण्याच्या अमीर खाँसाहेबांसारख्या अतिविलंबित, मंद्रात रेंगाळणाऱ्या गायकीत ते लपायला जागा नाही, आणि इंदूरच्या माणसाला खाँसाहेब ऐकायचे असतातच.

आधी आवाजाची खुंटी. अँप्लिफायरचा आवाज शून्यावर नेला तरी घरघर तेवढीच. सबवूफरवरची त्याची स्वतःची खुंटी फिरवली की कमीजास्त. सबवूफरमधून केबल उपसली की चिडीचूप. म्हणजे सबवूफर निर्दोष, अँप्लिफायरच्या व्हॉल्यूमच्या आधीचं सगळंही निर्दोष. जे येत होतं ते या दोघांमधल्या केबलवर स्वार होऊन.

मग अँप्लिफायरच्या मागे गेलो. कॉम्प्युटरची केबल काढली तर घरघर कमी झाली, पण उरली. ती परत लावून डीटीएचची काढली तर फरक जेमतेम. बहुतेक जण इथंच फसतात. एकेक वस्तू काढतात, आवाज राहतो, ती परत लावतात आणि 'यात दोष नाही' असा शिक्का मारून पुढे सरकतात. दोन वाटा असतील तर दोन्ही एकाच वेळी बंद कराव्या लागतात. मी दोन्ही केबल काढल्या आणि सबवूफर शांत झाला. म्हणून माझी पद्धत उलटी आहे: आधी सगळं सोडवायचं, मग एकेक जोडत जायचं.

कॉम्प्युटरची वाट उघड आहे, त्याच्या प्लगमधून जुन्या अर्थकडे. डीटीएचचा बॉक्स टू-पिन अडॅप्टरवर चालतो, मग त्याची वाट कुठली? गच्चीवरची. डिश लोखंडी पाइपाला बोल्टनं आवळलेली, पाइप कठड्याच्या सळ्यांना वेल्ड केलेला. सळ्या, काँक्रीट, जमीन असा तिसराच अर्थ केबलच्या जाळीवरून खाली हॉलमध्ये उतरत होता.

दोन विहिरींच्या पाण्याची पातळी वेगळी असेल आणि कुणी त्यांच्यामध्ये पाइप टाकला, तर पाणी वाहणारच. दोन अर्थांमध्ये व्होल्टेजचा फरक होता आणि आमचा पाइप म्हणजे ऑडिओ केबलची जाळी. आरसीए केबलची अडचण अशी की हीच जाळी सिग्नलचा परतीचा रस्ताही असते. जाळीवर वाहणाऱ्या करंटमुळे तिच्या दोन टोकांत जो व्होल्टेज पडतो, तो सबवूफरला गाण्याचाच भाग वाटतो. स्टुडिओतल्या बॅलन्स्ड केबलमध्ये सिग्नल दोन वेगळ्या तारांवरून जातो आणि जाळी फक्त आडोसा राहते. काकांच्या सबवूफरला तशी जोडणीच नव्हती.

हे अनुमान पक्कं करायला मी एक जुनी युक्ती वापरली. ऑडिओ ट्रान्सफॉर्मर बनवणाऱ्या जेन्सन ट्रान्सफॉर्मर्स कंपनीच्या बिल व्हिटलॉक यांनी ती लोकांपर्यंत पोचवली. जेल रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून आरसीएचा एक नर आणि एक मादी पिन आणायचा. दोघांच्या बाहेरच्या कडा एकमेकींना जोडायच्या, आतल्या टोकांना मात्र जोडायचं नाही. त्याऐवजी प्रत्येक बाजूला टोक ते कडा असा एक किलोओमचा रेझिस्टर. म्हणजे जाळी सलग राहते आणि सिग्नलची तार तुटते. हा ठोकळा आधी नुसता सबवूफरला लावला: शांत. त्यात केबल खोचली: तरीही शांत. म्हणजे जाळीवरचा करंट सबवूफरच्या पोटात शिरून घाण करत नव्हता, त्याची आतली जोडणी चांगली होती. मग केबल थेट सबवूफरला आणि ठोकळा केबलच्या दुसऱ्या टोकाला, अँप्लिफायरपासून सुटा: शांत. म्हणजे केबल हवेतून, जवळच्या वायरिंगमधून काही उचलत नव्हती. शेवटी तोच ठोकळा अँप्लिफायरमध्ये बसवला आणि घरघर सुरू. दोष केबलच्या जाळीतून वाहणाऱ्या करंटचा, दुसऱ्या कशाचाच नाही.

एका दुकानदारानं काकांना सोन्याचा मुलामा दिलेली भारी केबल गळ्यात मारायची तयारी केली होती. सोन्याला गंज चढत नाही, एवढं खरं. दोन अर्थांमधला करंट त्यानं थांबत नाही.

मल्टिमीटर एसीवर ठेवला. सबवूफरची केबल उपसून केबलच्या पिनची कडा आणि सबवूफरच्या सॉकेटची कडा यांत मोजलं. दुपारी ०.४ व्होल्ट. काकांचं भैरवाचं वाक्य डोक्यात होतं, म्हणून मुद्दाम सकाळी जाऊन पुन्हा मोजलं. १.९ व्होल्ट. मीटर सोफ्यावर ठेवून मी विचार करत बसलो होतो, तेवढ्यात आकडा आपोआप खाली आला: ०.४. वरून सुनेचा आवाज, "आई, गीझर बंद केलाय हं, बाबांना आंघोळीला पाठवा!" मी खालूनच ओरडलो, "वहिनी, जरा परत चालू करा!" मीटर पुन्हा १.९ वर.

काका चष्मा वर करून मीटरकडे बघत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे माझ्या भैरवात गीझर गातोय?"

अगदी तेच. गीझरच्या एलिमेंटमध्ये तापणारी तार आणि बाहेरची नळी यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी दाबून भरलेली असते. नळीला बारीक चीर गेली की भुकटी ओल धरते आणि वीज नळीकडे, तिथून अर्थकडे झिरपायला लागते. बोरिंगच्या जड पाण्यात एलिमेंटवर क्षाराचे थर चढतात, त्याखाली नळी जास्त तापते आणि चीर लवकर पडते. गीझर वरच्या मजल्याचा, म्हणून झिरपणारा सगळा करंट फाटकाजवळच्या नव्या खड्ड्यात. सबवूफरही त्याच अर्थवर. सकाळी आंघोळी, सकाळी गीझर, सकाळी घरघर.

वायरमनला अर्थ टेस्टर घेऊन बोलावलं. जुन्या खड्ड्याचा रोध ८ ओम, नव्याचा ३५; तो जितका कमी तितका अर्थ चांगला. तो म्हणाला, "भिया, इंदौर में घर-घर यही हाल है." असेलही. पण हिशोब करून पाहा. गीझरमुळे वाढलेला १.५ व्होल्टांचा फरक ३५ ओमवर पडतो, म्हणजे झिरपणारा करंट चाळीसेक मिलिअँपिअर. केबल जोडली की १.९ व्होल्टांना ३५ आणि ८ मिळून ४३ ओमांतून वाट मिळते, म्हणजे जाळीवर सुमारे ४४ मिलिअँपिअर. क्लॅम्प मीटर केबलवर लावला तर त्याच्या जवळपासचाच आकडा आला. लांब, स्वस्त केबलच्या जाळीचा रोध एक दशांश ओम धरला तरी साडेचार मिलिव्होल्टांची घरघर तयार होते. घरगुती ऑडिओचा नेहमीचा सिग्नल ३१६ मिलिव्होल्टांचा मानतात. त्याच्या सत्तराव्या भागाएवढी घरघर शांत खोलीत सहज ऐकू येते.

मला त्यापेक्षा दुसऱ्या आकड्यानं जास्त घाबरवलं. वरच्या मजल्यावर एखाद्या उपकरणाची फेज थेट पत्र्याला लागली, तर ३५ ओमांच्या खड्ड्यातून जेमतेम साडेसहा अँपिअर वाहणार. करंट फार वाढला की वीज तोडणारा १६ अँपिअरचा एमसीबी त्याला ढिम्म हलत नाही. पत्रा जिवंत राहतो आणि कुणाला काही कळत नाही. अशा घराला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे अर्थकडे थोडा करंट झिरपला तरी वीज तोडणारा स्विच, हवाच, आणि या घरात तो नव्हता. ऑडिओचं काम करणाऱ्यानं वायरिंगमध्ये नाक खुपसू नये असं म्हणतात. इथं मी खुपसलं.

आरसीसीबी बसवला. गीझरचं बटण दाबताच खटकन पडला. परत वर केला, परत पडला. वायरमननं निष्कर्ष काढला, "ये पीस ही खराब निकला, दूसरा लगा दूँ?" आरसीसीबी आपलं काम चोख करत होता. एलिमेंट बदललं आणि पडणं थांबलं. मीटरवर सकाळ-दुपारचा फरकही उरला नाही, दोन्ही वेळा ०.४.

मग खड्डा. तो सापडायलाच वेळ लागला, कारण फाटकाजवळ पेव्हर ब्लॉक बसवताना झाकण त्याखाली गेलं होतं आणि वरून पाण्याचा थेंबही आत जात नव्हता. माळव्याची काळी माती सुकली की आकसते, पाइपापासून सुटते, मध्ये फट पडते, आणि अर्थिंगचा सगळा भरवसा तर माती पाइपाला चिकटून राहण्यावर. ब्लॉक काढले, पाइपाभोवती बेंटोनाइटची भर घातली, पाणी घालायला तोंड मोकळं ठेवलं. कोळसा-मिठानंही रोध उतरला असता, पण मीठ लोखंडी पाइप खाऊन टाकतं. यानंतर दोन्ही खड्डे जाड तांब्याच्या वायरनं एकमेकांना जोडले. हे खरं तर वरचा मजला बांधतानाच व्हायला हवं होतं, एका घरात सुटे सुटे अर्थ ठेवायचेच नसतात. फरक मिलिव्होल्टांवर आला.

तरीही सबवूफरची वीज मी सोफ्यामागच्या सॉकेटवरून काढलीच. कॉम्प्युटर आणि अँप्लिफायर ज्या बोर्डावर आहेत, तिथूनच तीन तारांची १.५ चौरस मिलिमीटरची वायर स्कर्टिंगच्या कडेनं नेली, ऑडिओ केबलपासून वीतभर अंतर ठेवून. गाण्याच्या संचाला लागणारी वीज फार नसते, एक चांगला बोर्ड सगळ्यांना पुरतो. एका बोर्डावर सगळं असलं की अर्थमध्ये फरक पडायला जागाच कमी. डीटीएचच्या केबलमध्ये आयसोलेटर, म्हणजे धातूची जोडणी तोडून सिग्नल तेवढा पुढे देणारा तुकडा, टाकता आला नसता, कारण डिशवरच्या एलएनबीला (सिग्नल पकडणाऱ्या भागाला) त्याच केबलमधून १३ किंवा १८ व्होल्ट डीसी जातात आणि साधा आयसोलेटर ते अडवतो. त्याऐवजी टीव्हीचा आवाज ऑप्टिकल केबलनं एका छोट्या डॅकमध्ये, म्हणजे डिजिटल सिग्नलचा साधा ऑडिओ सिग्नल करणाऱ्या डबीत, घेतला आणि तिथून अँप्लिफायरला. ऑप्टिकल केबलमध्ये धातू नाही, डिशचा अर्थ टीव्हीपाशीच संपला. कॉम्प्युटरसाठी ऑडिओ ट्रान्सफॉर्मरचा आयसोलेटर घ्यावा का, असं काकांनी विचारलं. गरज उरली नव्हती, आणि गाड्यांच्या सामानात मिळणारे स्वस्त आयसोलेटर लहान गाभ्यामुळे खालचे सूर खातात, तेव्हा नकोच म्हटलं.

सबवूफर गप्प झाला आणि त्याच्यामागे लपलेली दुसरी घरघर वर आली. फक्त रेकॉर्ड लावताना आणि मुख्यतः डाव्या स्पीकरमधून. फोनोचं, म्हणजे रेकॉर्ड प्लेअरच्या इनपुटचं, गणित वेगळंच असतं. सुई बसवलेल्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून चार-पाच मिलिव्होल्ट निघतात आणि अँप्लिफायर ते शंभरेक पटींनी वाढवतो. शिवाय आरआयएए वक्राप्रमाणे (रेकॉर्डवर दाबलेले खालचे सूर परत उचलण्याचं ठरलेलं प्रमाण) ५० हर्ट्झपाशी आणखी सात पट उचल. म्हणजे बाकीच्या इनपुटवर ऐकूही न येणारी घरघर इथं सातशे पट होऊन येते.

टोनआर्मला, म्हणजे सुई धरणाऱ्या दांडीला, बोट लावलं की आवाज बदलत होता, म्हणजे आर्मचा अर्थ ढिला. प्लेअरमधून येणारी बारीक अर्थ वायर अँप्लिफायरच्या जीएनडी स्क्रूखाली नव्हती. कुणीतरी ती शेजारच्या एका साध्या स्क्रूला, रंगावरच गुंडाळली होती. टोक घासून जागेवर आवळली, अर्धं काम झालं. डाव्या बाजूसाठी हेडशेल, म्हणजे कार्ट्रिज बसवलेलं दांडीचं टोक, काढून भिंगाखाली धरलं. चार तारा: पांढरी आणि निळी डाव्याची, लाल आणि हिरवी उजव्याची. निळीची पितळी टोपी कार्ट्रिजच्या पिनवर डुगडुगत होती. चिमट्यानं हलकेच दाबली. कार्ट्रिजच्या पिनवर सोल्डरचा डाग मात्र कधी लावू नये, आतली तार केसाहून बारीक असते आणि तेवढ्या उष्णतेनं सुटते.

उरलेली घरघर जागेची. अँप्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर कार्ट्रिजच्या अगदी खाली येत होता. रेकॉर्डच्या शेवटाकडे सुई सरकली की आवाज वाढायचा, त्यावरून कळलं. ५० हर्ट्झच्या चुंबकीय क्षेत्राला अॅल्युमिनियमचा पत्रा अडवत नाही, लोखंड थोडंफार अडवतं, अंतर मात्र झपाट्यानं कमी करतं. अँप्लिफायर शेजारच्या कप्प्यात हलवला. काकूंना कपाटाची नवी मांडणी आवडलेली नाही. तो प्रश्न मी काकांवर सोडला.

संध्याकाळी एक वेगळी, चरचरणारी कुरकुर यायची. ती हॉलमधल्या पंख्याच्या जुन्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरची. पंखा पूर्ण वेगात किंवा बंद असला की कुरकुर नाही, मधल्या वेगाला असते. कारण हे रेग्युलेटर वीज प्रत्येक लहरीत कापून देतात. कपॅसिटरचा स्टेपवाला रेग्युलेटर बसवला, विषय संपला.

एक गोष्ट राहिली आहे. लाइट गेली की घर जुन्या इन्व्हर्टरवर येतं आणि तो चौकोनी लहरीचा आहे, त्यामुळे सगळाच संच तेवढा वेळ झणझणतो. त्यावर साइन वेव्हचा इन्व्हर्टर हाच उपाय. काकांनी जुन्या बॅटरीचं आयुष्य संपेपर्यंत थांबायचं ठरवलंय. तोवर वीज गेली की ते सुई उचलून ठेवतात.